वस्तीतला दवाखाना आणि जमाखर्चाची वही

आपल्या वस्त्यांमधून आता एमबीबीएस, बीएएमएस, बीएचएमएस झालेल्या मुलामुलींच्या नावाच्या पाट्या दिसू लागल्या आहेत. दवाखान्याच्या उद्‌घाटनाला बुद्धवंदना होते, पेढे वाटले जातात, सगळी वस्ती येते. पण यातले काही दवाखाने दोन-तीन वर्षांतच कुलूपबंद होतात. डॉक्टरचा हातगुण कमी पडला असे क्वचितच असते. दवाखान्यात किती पैसे आले, किती गेले आणि स्वतःचे किती उरले, हे कुणी लिहूनच ठेवलेले नसते. वैद्यकीय शिक्षणात शरीरातली सगळी हाडे पाठ करून घेतात, जमाखर्च मात्र कुणी शिकवत नाही.

एक साधा हिशेब मांडून पाहू. समजा, तपासणी फी १०० रुपये, दिवसाला २५ रुग्ण आणि महिन्याचे २६ दिवस. जमा झाली ६५,००० रुपये. आता खर्च बघा. गाळ्याचे भाडे १२,०००, मदतनीस ताईंचा पगार १०,०००, सिरिंज, हातमोजे, कापूस, इंजेक्शने ६,०००, वीज, फोन व कचऱ्याची वर्गणी ३,०००, कर्जाचा हप्ता १४,००० आणि पुढे यंत्र बिघडले तर म्हणून बाजूला ३,०००. एकूण ४८,०००. म्हणजे दिवसातले पहिले अठरा रुग्ण घरमालकाचे, बँकेचे आणि सामानाचे. डॉक्टरची कमाई एकोणिसाव्या रुग्णापासून सुरू होते. महिनाअखेर हाती १७,००० राहतात. आणि चारातला एक रुग्ण ‘डॉक्टर, पुढच्या वेळी देते’ म्हणून गेला, तर १६,२५० रुपये बुडाले. उरले ७५०! प्रत्येकाचे आकडे वेगळे असतील, पण हा एकोणिसावा रुग्ण आपल्याकडे कितवा आहे, हे प्रत्येक डॉक्टरला तोंडपाठ असायला हवे.

मग काय, गरिबाकडून सक्तीने वसूल करायचे? मुळीच नाही. पण उधारी आणि माफी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे डॉक्टर भिडेपोटी उधारी ठेवतात. ती ना वसूल होते, ना विसरली जाते. ज्या मावशीकडे तीनशे रुपये थकले आहेत, ती लाजेने त्या रस्त्यानेच जात नाही. तिची रक्तदाबाची गोळी संपते आणि पुढची तपासणी थेट लकवा झाल्यावर होते. त्यापेक्षा महिन्याला किती रुग्ण विनामूल्य तपासायचे ते आधी ठरवावे, तो आकडा खर्चात धरावा, आणि केसपेपरवर ‘बाकी’ न लिहिता ‘माफ’ लिहून विषय तिथेच संपवावा. मावशी पुढच्या महिन्यात ताठ मानेने येईल.

दुसरी सवय म्हणजे खिसा एकच असणे. गल्ल्यातूनच भाजी, गल्ल्यातूनच मुलांची फी, गल्ल्यातूनच गावाकडच्या लग्नाचा आहेर. दवाखान्याचे बँक खाते वेगळे काढा, क्यूआर कोड त्याच खात्याचा लावा आणि डॉक्टरने स्वतःला दरमहा ठरलेला पगार घ्यावा. पावसाळ्यात तापाच्या साथीमुळे गर्दी असते, तेव्हाची शिल्लक मंदीच्या महिन्यांसाठी राखावी. रोजकीर्द लिहायला रात्री दहा मिनिटे लागतात. संगणक नसला तरी दोनशे पानी वही पुरते.

हे सारे आरोग्याच्या पानावर कशाला, असे कुणी विचारील. कारण हिशेब बसत नाही तेव्हाच ‘कट’चे पाकीट दार ठोठावते. लॅबवाला, सोनोग्राफीवाला सांगतो, रुग्ण पाठवा, टक्का देतो. तो टक्का शेवटी रुग्णाच्याच बिलातून निघतो आणि गरज नसलेल्या तपासण्या वाढतात. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीने असे कमिशन देण्या-घेण्यास मनाई केली आहे. विंचूदंशावरील संशोधनामुळे जगभर नाव झालेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी एका तपासणी केंद्राकडून आलेल्या कमिशनच्या धनादेशाविरुद्ध महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार केली होती. असा नकार देण्याचे बळ ज्याच्या दवाखान्याचे भाडे थकलेले नाही, त्याला अधिक असते.

कायद्याची कागदपत्रे थोडक्यात. आपल्या वैद्यक परिषदेची नोंदणी चालू ठेवावी, फीचा फलक दर्शनी भागात लावावा. खाटा ठेवून रुग्ण दाखल करायचे असतील तर १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याखाली नोंदणी लागते, आणि २०२१ च्या सुधारित नियमांप्रमाणे दरपत्रक व रुग्णहक्कांची सनद लावावी लागते. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम एका खोलीच्या दवाखान्यालाही लागू आहेत. वापरलेल्या सुया घंटागाडीत गेल्या तर त्या आपल्याच सफाई कामगार भावा-बहिणीच्या हातात घुसतात.

एक गोष्ट पुष्कळ डॉक्टरांना माहीत नसते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालानुसार, जिथे काहींकडून फी घेतली जाते तिथे फुकट तपासलेला रुग्णही ग्राहकच ठरतो. म्हणून माफीतल्या रुग्णाचाही केसपेपर पूर्ण लिहावा. व्यवसाय दायित्व विमाही काढावा.

राहिला आयकर. वर्षाची जमा ५० लाखांपर्यंत असेल तर निम्मी रक्कम उत्पन्न दाखवून विवरणपत्र भरण्याची सोय डॉक्टरांना आहे. त्यामुळे ‘आम्हाला वही लागत नाही’ असे म्हणणारे भेटतात. करखात्याला लागत नसेल, पण दवाखान्याला लागते. वरच्या उदाहरणात वर्षाची जमा ७ लाख ८० हजार, त्यातले निम्मे ३ लाख ९० हजार. कर लागत नाही. तरीही विवरणपत्र भरावेच. उद्या ईसीजी यंत्रासाठी कर्ज मागायला गेलात तर बँक आधी मागच्या वर्षांची विवरणपत्रे मागते.

आणि वाचकहो, तुम्ही रुग्ण म्हणून गेलात की पावती मागा. नोकरीच्या ठिकाणी वैद्यकीय बिल मिळत असेल तर तुमच्या कामाला येईल, आणि डॉक्टरच्या वहीत त्या दिवशीची एक ओळ आपोआप लिहिली जाईल.