अवजारघराला आपले दोन तास

लांब शिडी, पाइप आवळण्याचा मोठा पाना, फांद्या छाटण्याची करवत, ड्रिल मशीन ही साधने शेतकऱ्याला वर्षातून चार-दोन दिवसच लागतात. प्रत्येकाने ती विकत घेतली तर पैसा अडकतो आणि वस्तू कोपऱ्यात गंजत पडते. म्हणून काही ठिकाणी लोक मिळून अवजारघर चालवितात. वाचनालयातून पुस्तक न्यावे, तसे तेथून अवजार न्यायचे आणि काम झाले की परत आणून द्यायचे.

अमेरिकेत मिशिगन राज्यातील ग्रोस पॉइंट येथे १९४३ साली वाचनालयातून अवजारे देण्यास सुरुवात झाली. कॅलिफोर्नियातील बर्कली शहराच्या वाचनालयाने १९७९ साली असाच विभाग उघडला. आपल्याकडे २०१४-१५ पासून सरकारी योजनेतून अवजारे बँकांना साहाय्य मिळू लागले. पण तेथे मुख्यतः ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, मळणीयंत्र अशी मोठी यंत्रे भाड्याने मिळतात. रोजच्या हातातील लहान अवजारांची सोय आपली आपणच केली पाहिजे. इर्जिक आणि सावड करणाऱ्या शेतकऱ्याला ही रीत परकी नाही.

अवजारघर उघडणे सोपे, चालविणे कठीण. कुऱ्हाड बोथट होते, हातोडीचा दांडा ढिला होतो, फवारणी पंप गळू लागतो. दोन माणसे असे अवजार घेऊन जातात, वैतागतात आणि तिसरा येईनासा होतो. म्हणून अशा घराला देणगीइतकीच कामाच्या हातांची गरज असते. ज्यांच्या हातात कसब आहे, त्यांनी आठवड्यातून दोन तास दिले तरी पुष्कळ होते. त्या दोन तासांत काय करावे, ते पाहू.

१. तपासणी. परत आलेले प्रत्येक अवजार हातात घेऊन पाहावे. माती पुसावी, पाते कोरडे करून तेलाचा हात फिरवावा. अवजारावर रंगाने क्रमांक घालावा आणि नेणाऱ्याचे नाव, तारीख व परत आल्यावरची स्थिती वहीत लिहावी. मोडलेले अवजार दुरुस्त होईपर्यंत वेगळे ठेवावे.

२. धार. विळा, कोयता, कुऱ्हाड यांना आधी कानशीने व मग निसण्यावर धार लावावी. पात्याचा मूळचा उतार तसाच राखावा. विजेच्या सहाणेवर पाते फार वेळ धरल्यास ते तापून निळे पडते. याचा अर्थ पोलादाचे पाणी उतरले. अशी धार टिकत नाही. म्हणून पाते थोडा वेळच टेकवावे आणि वारंवार पाण्यात बुडवावे.

३. दांडा. ढिली कुऱ्हाड पाण्यात भिजवून घट्ट करण्याची अनेकांना सवय आहे. लाकूड वाळले की ती पुन्हा ढिली होते आणि पाते निसटून जवळच्या माणसाला लागू शकते. वाळलेल्या, सरळ रेषांच्या लाकडाचा दांडा करून पाचर ठोकावी. वर जवसाचे तेल चोळावे. तेलाची चिंधी मात्र बोळा करून टाकू नये. ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. ती उघड्यावर पसरून वाळवावी.

४. फवारणी पंप. हातमोजे घालून पंप तीन वेळा धुवावा. ते पाणी विहिरीजवळ वा ओढ्यात ओतू नये. झिजलेला वायसर बदलावा. नोझल तुंबले तर तोंडाने कधीही फुंकू नये. मऊ ब्रश व पाणी वापरावे.

५. शिकविणे. हे सर्वांत मोलाचे काम. नेदरलँड्समधील आम्स्टरडॅम येथे मार्टिना पोस्टमा या बाईंनी २००९ साली दुरुस्तीचे मेळावे सुरू केले. तेथे वस्तूचा मालक कारागिराशेजारी बसतो आणि दोघे मिळून दुरुस्ती करतात. आपणही तसेच करावे. तरुणाच्या हातात कानस द्यावी आणि आपण बाजूला उभे राहावे. त्याचा पहिला प्रयत्न वाकडा झाला तरी हरकत नाही. आपल्यामागे काम जाणणारा कोणी उरला नाही, तर अवजारघरही उरणार नाही.

काही मर्यादा पाळाव्यात. विजेचे काम जाणकारानेच करावे. अर्थिंग नसलेले किंवा वायर सोललेले यंत्र कोणालाही देऊ नये. सहाणेवर बसताना चष्मा घालावा आणि सैल उपरणे वा पदर आवरून घ्यावा. धनुर्वाताची लस दर दहा वर्षांनी घ्यावी. खोल किंवा मातीने भरलेली जखम झाल्यास लगेच धुऊन दवाखान्यात जावे. भट्टीचे काम गावच्या लोहाराकडेच पाठवावे आणि त्याची मजुरी द्यावी. आपल्या फुकट सेवेने त्याच्या पोटावर पाय येता कामा नये.

हे सारे मृगाच्या आधी उरकलेले बरे. पेरणीच्या दिवसांत मोडका दांडा घेऊन बसलेल्या शेतकऱ्याची वाफ निघून जाते आणि ती त्या हंगामात परत येत नाही. ज्याच्याकडे दुसरे अवजार घ्यायला पैसा नाही, त्याचे नुकसान सर्वांत मोठे. चैत्र-वैशाखात दिलेले आपले दोन तास त्याच्या कामी येतील.