बायकोच्या पाटल्या, नवऱ्याचा फ्लॅट

डाउन पेमेंटला पाच-सहा लाख कमी पडले की कित्येक घरांत बँकेतला लॉकर आठवतो. पाटल्या, तोडे, चपलाहार मोडीत निघतात. निर्णय चुकीचा असतोच असं नाही. पडून असलेल्या सोन्यातून हक्काचं घर होत असेल तर ते चांगलंच. पण या व्यवहाराभोवती असे काही समज घट्ट बसलेत की त्यांचा फटका बहुतेकदा जिचं सोनं असतं तिलाच बसतो.

पहिला समज: लग्नातलं सोनं म्हणजे घरचं, सगळ्यांचं. तसं नाही. लग्नात तिला मिळालेले दागिने हे स्त्रीधन. त्यावर पूर्ण मालकी तिची, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केलं आहे. नवऱ्याने किंवा सासरच्यांनी ते सांभाळायला ठेवलं म्हणून ते त्यांचं होत नाही.

दुसरा समज सराफाच्या काउंटरवर गळून पडतो. पेपरात छापलेला भाव हाती येत नाही. आधी डाग काट्यावर जातो, मग खडे, मणी, दोरा, लाख यांचं वजन वजा होतं, मशीनवर किंवा आटवून टंच पाहिला जातो. भाव मिळतो तो उरलेल्या शुद्ध सोन्याचा. घडणावळ गेली ती गेलीच. घराचा हिशेब या रकमेवर मांडावा, बिलावरच्या जुन्या वजनावर नव्हे.

आणि कर? घरातली गाडी विकली तर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, कारण ती वैयक्तिक वापराची वस्तू. दागिन्यांना मात्र कायद्याने या यादीतून मुद्दाम वगळलं आहे. दोन वर्षांहून जास्त काळ जवळ असलेलं सोनं २३ जुलै २०२४ पासून विकलं की नफ्यावर १२.५ टक्के कर, वर सेस. आईकडून आलेल्या दागिन्यांसाठी आईची खरेदी किंमत धरतात. १ एप्रिल २००१ च्या आधीचं असेल तर त्या दिवशीचा बाजारभाव धरता येतो.

यावर ठरलेलं उत्तर येतं, ‘घर घेतोय ना, मग कर माफ.’ सवलत आहे, १९६१ च्या आयकर कायद्यात ती कलम ५४एफ मध्ये होती. पण तिच्या अटी कुणी वाचत नाही. नुसता नफा घरात घालून भागत नाही, विक्रीची सगळी रक्कम घालावी लागते. १० लाखांचं सोनं विकलं, त्यात नफा ८ लाख, आणि घरात ५ लाखच घातले, तर सवलत निम्म्याच नफ्यावर, म्हणजे ४ लाखांवर. विकत्या वेळी विकणाऱ्याकडे एकाहून जास्त घरं नसावीत. तयार घर विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत घ्यावं, बांधायचं असेल तर तीन वर्षांत. दुकानाला सवलत नाही. नुसत्या प्लॉटलाही नाही. त्यावर मुदतीत घर उभं राहायला हवं.

मला सर्वांत जास्त टोचतो तो पुढचा समज: पैसे तिचे आहेत हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे, नाव कुणाचंही लागलं तरी काय फरक पडतो? फार पडतो. सोनं तिचं, म्हणून नफा तिचा आणि करही तिच्यावर. घर एकट्या नवऱ्याच्या नावावर असेल तर सवलतीवर वाद उभा राहतो आणि मालकीही तिच्या हाती राहत नाही. पुढे बिनसलं तर पैसे आपले होते हे सिद्ध करायची जबाबदारी तिच्यावरच येते. शिवाय महाराष्ट्रात निवासी घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट आहे, ६० लाखांच्या फ्लॅटवर ६० हजार रुपये. नवऱ्याचं नाव जोडलं की ती जाते.

म्हणून सराफाची पावती तिच्या नावाने घ्यावी, रक्कम चेकने किंवा ऑनलाइन तिच्याच खात्यात यावी आणि तिथूनच बिल्डरला जावी. करारनामा नोंदवण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, त्यामुळे दागिने मोडण्याआधी कराराचा मसुदा मागून घेऊन खरेदीदाराच्या रकान्यात कुणाचं नाव आहे ते तिने स्वतः वाचावं.