चाकाची घरघर

दुखणे अंगावर काढू नये, असे वडीलधारी माणसे सांगत आली आहेत. हा उपदेश मोटारीसही लागू आहे, हे आम्हांस एका पावसाळ्यानंतर चांगलेच उमगले. बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्यास जाताना आमच्या गाडीच्या पुढील बाजूने जात्याच्या घरघरीसारखा आवाज येऊ लागला. आम्ही टायरांना दोष दिला व दोन नवे टायर विकत घेतले. आवाज होता तसाच राहिला! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी आमची गत झाली. खरा दोष चाकाच्या बेअरिंगमध्ये होता.

बेअरिंग म्हणजे एकात एक बसविलेली पोलादाची दोन कडी व त्यांच्यामधील खाचेत फिरणाऱ्या पोलादी गोळ्या किंवा रूळ. गाडीचा भार त्यांवरच तोललेला असतो, आणि ग्रीसमुळे त्या अल्प घर्षणाने फिरतात. भरल्या ओढ्यातून गाडी नेली, तर सीलमधून पाणी आत शिरून ग्रीस बिघडते. चाक खड्ड्यात जोराने आदळले, तर गुळगुळीत पोलादावर खळगे पडतात. मग ती घरघर सुरू होते.

परीक्षा कशी करावी? सपाट, सरळ व मोकळ्या रस्त्यावर गाडी बेताच्या वेगाने चालवून क्षणभर न्यूट्रल करावी; उतारावर मात्र हे कदापि करू नये. इंजिन मंदावले तरी आवाज कायम राहिला आणि गाडीच्या वेगाबरोबर तो वाढला वा उतरला, तर दोष चाकांकडे आहे असे समजावे. डांबरी रस्ता संपून सिमेंटचा लागताच आवाज पालटला, तर बहुधा टायर बोलत असतो. बेअरिंगचा सूर रस्त्यागणिक फारसा बदलत नाही.

पुढे बाजू ओळखावी. गाडी डावीकडे वळली की तिचा भार उजव्या चाकांवर येतो. तेव्हा आवाज वाढला, तर उजव्या बाजूचा संशय घ्यावा; उजवीकडे वळताना वाढला, तर डाव्या बाजूचा. वळताना टकटक ऐकू आली, तर मात्र चाकाला फिरविणाऱ्या दांड्याचा सांधा तपासावा.

शेवटची परीक्षा हाताची. गाडी सपाट जागी उभी करून दुसऱ्या चाकांना दगड लावावेत, चाक जॅकने उचलून खाली भक्कम स्टँड द्यावा. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणीही शिरू नये. चाक वर व खाली धरून हलवावे. ते डुगडुगले, तर दुसऱ्याने ब्रेक दाबावा. डुगडुग थांबली तर दोष बेअरिंगचा. न थांबली तर सांध्यांचा. मग एक हात स्प्रिंगवर ठेवून चाक फिरवावे. बेअरिंग खराब असेल, तर बोटांना खरखर जाणवते. डुगडुग नसली तरी खरखर असू शकते, हे विसरू नये.

हेन्री टिमकेन व रेजिनाल्ड हाइन्झेलमन यांनी १८९८ साली निमुळत्या रुळांच्या बेअरिंगचे पेटंट घेतले. जुन्या अनेक गाड्यांत अशी बेअरिंगे उघडून, धुऊन, नवे ग्रीस भरून पुन्हा बसविता येत. आजच्या बहुतेक गाड्यांत ती बंदिस्त असतात. बिघडली की बदलणे हाच उपाय होय.

आमच्या गाडीत उजवे बेअरिंग गेले होते. मिस्त्रीने ते बदलले व घरघर थांबली. टायरांचा खर्च मात्र आमच्या उतावळेपणाच्या खाती जमा झाला! तरी तो अल्पच म्हणावयाचा. कारण झिजलेले बेअरिंग तसेच चालविले, तर चाक अडकण्याची किंवा निखळण्याची भीती असते. ज्या गाडीत वृद्ध आईवडील व लहान मुले बसतात, तिचे कण्हणे वेळीच ऐकणे हे घरच्या कर्त्या माणसाचे कर्तव्यच नव्हे काय?