मराठी ख्रिस्ती साहित्यातील नवजीवन आणि आनंद : भाषेच्या अंगाने एक विचार

ख्रिस्ती श्रद्धेत 'नवा जन्म' आणि 'आनंद' या कल्पना परस्परांपासून वेगळ्या काढता येत नाहीत. मन पालटलेला माणूस जणू नव्याने जन्मास येतो आणि आनंद हे त्या पालटाचे फळ होय, अशी नव्या कराराची शिकवण आहे. हा अनुभव मराठीत मांडताना मात्र एक पेच उभा राहिला. आध्यात्मिक आनंदाची मराठी परिभाषा मुख्यतः संतांनी घडविलेली होती. नव्या श्रद्धेने ती स्वीकारावी की टाळावी? रेव्हरंड ना. वा. टिळक, पंडिता रमाबाई आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या लेखनातून या प्रश्नाची तीन वेगवेगळी उत्तरे मिळतात. त्यांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

नांदेड-लातूरच्या अभ्यासकाला हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. जनाबाईंचे गंगाखेड आणि नामदेवांशी निगडित असलेले नरसी आमच्या परिसरातच आहे. विठ्ठलाला 'माउली' का म्हणतात, हे येथील विद्यार्थ्यांना वेगळे शिकवावे लागत नाही. दुसरीकडे, इ. स. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी ज्या ग्रंथाला नांदेड येथे गुरुपद दिले, त्या गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे समाविष्ट आहेत. संताचा शब्द एका धर्मपरंपरेतून दुसरीत जातो आणि तेथेही जिवंत राहतो, याचे प्रमाण आम्हांस गोदाकाठीच उपलब्ध आहे.

ख्रिस्ती आशयासाठी मराठी रूपबंध वापरण्याचा प्रयत्नही जुना आहे. फादर स्टीफन्स यांचे सुमारे ११,००० ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोमंतकात छापले गेले. परंतु पुराण हे मुख्यतः कथन असते. भक्ताच्या अंतरीचा पालट प्रथमपुरुषी सांगावयाचा, तर त्याला अभंगाचीच वाट जवळची होती. ती वाट टिळकांनी (१८६१–१९१९) प्रशस्त केली.

टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला. पुढे अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये कार्य करताना त्यांनी विपुल भक्तिगीते रचली. इंग्रजी चालींवर बसविलेल्या भाषांतरित गीतांत मराठी शब्दांची ओढाताण होई. टिळकांच्या रचनेत ती थांबली. अधिक महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्यांनी ख्रिस्ताला माता आणि गुरू या नात्यांनी साद घातली. तुकारामांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची धारणा होती. तेव्हा अभंगाचा स्वीकार हा त्यांच्यापुरता प्रचाराच्या सोयीचा भाग नव्हता. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' ही कल्पना मांडली आणि तीत बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही स्थान दिले. भाषेतील मोकळेपणा येथे आचरणातही उतरलेला दिसतो.

या स्वीकाराचा एक सूक्ष्म परिणाम 'पश्चात्ताप' या शब्दात पाहता येतो. नव्या करारातील मूळ ग्रीक शब्दाचा रोख मन पालटण्यावर आहे. मराठी शब्दात 'ताप' आहे, म्हणजे पोळणे आहे. संतांचा 'अनुताप' याच कुळातला. त्यामुळे मराठीत नवजीवनाची वाट दाहातून जाते आणि आनंद हा त्या दाहानंतर लाभणारा निवांतपणा ठरतो. केवळ उल्हास या अर्थाने हा आनंद वाचला, तर टिळकांची कविता निम्मीच हाती लागते.

पंडिता रमाबाईंची (१८५८–१९२२) दिशा निराळी आहे. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यानंतरही आपल्याला धर्म लाभला, पण प्रत्यक्ष ख्रिस्त लाभला नाही, ही खंत काही वर्षे कायम होती, असे त्यांनी १९०७ च्या आपल्या आत्मनिवेदनात नमूद केले आहे. १९०५ मध्ये केडगावच्या मुक्तिसदनात आध्यात्मिक जागृतीची लाट आली. तिचा क्रम लक्षणीय आहे : आधी रुदन आणि पापांची कबुली, मग गायन आणि हर्ष. या मुलींपैकी अनेकजणी दुष्काळातून वाचवून आणलेल्या होत्या, हे विसरता येत नाही. ज्यांचे सर्वस्व गेले होते, त्यांच्या तोंडी आनंदाचा शब्द आला होता. रमाबाई स्वतः संस्कृतच्या विदुषी. तरीही बायबलचे भाषांतर करताना हिंदू दर्शनांच्या छटा असलेले शब्द टाळून सामान्य स्त्रियांना समजेल अशी मराठी योजण्याकडे त्यांचा कल होता. त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये, हे भाषांतर प्रसिद्ध झाले. जुन्या शब्दाबरोबर जुने बंधनही येते, ही त्यांची शंका स्त्रीजीवनाच्या अनुभवातून आलेली आहे. म्हणूनच ती सहज बाजूला सारता येत नाही.

तिसरे उत्तर लक्ष्मीबाईंचे. पतीच्या धर्मांतराने त्यांचा संसार विस्कटला. त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो १९०० मध्ये. 'स्मृतिचित्रे'त सोवळे सुटण्याचा प्रसंग त्या सांगतात, तेव्हा तेथे ना अभंगाची परिभाषा आहे, ना बायबलची. जातिभेद देवाने केला की माणसाने, याचा निवाडा त्या स्वतःशीच करतात आणि मनावरचे ओझे उतरते. नवजीवन येथे पाणी कोणाच्या हातचे प्यावे, या रोजच्या प्रश्नात प्रकटते. आनंद विनोदाच्या रूपाने वाक्यावाक्यांत झिरपतो. टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' याच लेखिकेने पूर्ण केले.

या तिघांपैकी एकाला बरोबर आणि दुसऱ्याला चूक ठरविणे अभ्यासाच्या दृष्टीने फारसे उपयुक्त नाही. टिळकांना जुन्या शब्दांत नवा अर्थ सापडला. रमाबाईंना त्यांतली बेडी दिसली. लक्ष्मीबाईंनी घरच्या बोलीवर भिस्त ठेवली. मात्र एक गोष्ट तिघांनाही समान आहे : त्यांचा आनंद दुःख वगळून आलेला नाही. हे साहित्य एका समाजाचे म्हणून स्वतंत्र कप्प्यात ठेवण्याची आपली सवय जुनी आहे. जनाबाईंचे जाते ज्यांना कळते, त्या आमच्या विद्यार्थ्यांनी तरी टिळकांचा अभंग आणि 'स्मृतिचित्रे' आपल्याच परंपरेचा भाग म्हणून वाचावीत. तसे वाचल्यास मराठीतील 'आनंद' या शब्दाचा अर्थविस्तार केवढा आहे, याची जाणीव अधिक स्पष्ट होईल.