पाऊण आटा पुरेसा

एम१० बोल्टसाठी लोखंडात हाताने आटे पाडायचे, तर आधी ८.५ मिलिमीटरचे भोक पाडतात. दहातून पिच, म्हणजे एका आट्यापासून पुढच्या आट्यापर्यंतचे दीड मिलिमीटर अंतर, वजा केले की झाले. एम८ ला ६.८, एम६ ला ५. फिटरला हे आकडे तोंडपाठ असतात. पण ८.५ च्या भोकात टॅप, म्हणजे आटे कापणारे हत्यार, फिरवल्यावर उमटणारा आटा पुरता खोल नसतो, जेमतेम पाऊण असतो. आणि तो मुद्दामच तसा ठेवलेला असतो.

भोक थोडे लहान घेऊन आटा पूर्ण पाडला, तर भर पडते ती फक्त आट्याच्या आतल्या निमुळत्या टोकाची. त्या टोकाने मजबुती नावापुरती वाढते. टॅप फिरवायला लागणारा जोर मात्र कितीतरी पटींनी वाढतो. शिवाय नटमध्ये सगळे आटे सारखा भार उचलत नाहीत. बोल्ट ताणला गेला की पहिला आटाच सुमारे एक तृतीयांश भार घेतो, पुढच्यांच्या वाट्याला कमी कमी येत जातो. नटाची उंची बोल्टच्या व्यासाच्या सुमारे ०.८ पट ठेवतात ती याच हिशेबाने. अतिताण आलाच, तर आटे सोलले जाण्याआधी बोल्ट तुटावा. तुटलेला बोल्ट निदान दिसतो.

भोक बरोबर असले की पुढचे काम हाताचे. एका संचात तीन टॅप असतात. पहिल्याचे तोंड लांबट निमुळते, शेवटच्याचे जवळजवळ सपाट, बंद भोकाच्या तळापर्यंत जाणारे. पहिला टॅप लावून दोन बाजूंनी गुण्या धरून काटकोन तपासायचा. सुरुवातीला वरून दाब हवा. दोनतीन आटे पडले की दाब सोडून द्यायचा, कारण टॅप आता स्वतः पाडलेल्या आट्यांतून आपोआप खाली ओढला जातो.

मग थोडे पुढे, थोडे मागे. पोलादाचा कीस लांब, वळलेला निघतो आणि टॅपच्या खाचांत अडकून बसतो. उलटे फिरवले की तो तुटतो. बिडाला ही अडचण फारशी नाही. त्यात ग्रॅफाइटच्या पापड्या असतात, त्यामुळे कीस भुगा होऊन पडतो आणि ग्रॅफाइट वंगणाचेही काम करतो, म्हणून बीड कोरडेच कापतात. पोलादाला तेल हवे. ॲल्युमिनियम धारेला चिकटते, त्याला रॉकेल चालते.

टॅप कडक असतो, म्हणूनच ठिसूळही. पिळाला तोंड देण्याची त्याची ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे बदलते: व्यास निम्मा झाला की ताकद एक अष्टमांश. एम३ च्या टॅपला लांब हँडल लावणे म्हणजे तो मोडायला बसणे. मोडण्याआधी तो सूचना देतो. हँडल फिरते, पण कापल्याचे जाणवत नाही, हाताला स्प्रिंगसारखा ताण लागतो. टॅप तेव्हा कापत नसतो, पिळला जात असतो. हा फरक ओळखणारी बोटे तयार होणे हेच खरे शिक्षण, असे मला वाटते.

एकेकाळी प्रत्येक कारखान्याचा आटा वेगळा होता. जोसेफ व्हिटवर्थने इंग्लंडमधल्या अनेक कारखान्यांतले स्क्रू गोळा करून त्यांची सरासरी काढली आणि १८४१ मध्ये ५५ अंशांचा आटा सुचवला. कारागिरांच्या हातांतूनच हे प्रमाण निघाले, याचे मला फार अप्रूप वाटते. आजच्या मेट्रिक आट्याचा कोन ६० अंश आहे. पण आपल्याकडचा प्लंबर जीआय पाइपला डाय लावतो, तेव्हा पडणारे आटे अजूनही व्हिटवर्थच्याच ५५ अंशांचे असतात.

आणि टॅप मोडलाच तर? तो इतका कडक असतो की साधे ड्रिल त्याच्यावर घसरते. वस्तू पितळेची असेल तर घड्याळजींची जुनी युक्ती उपयोगी पडते: तुरटीच्या दाट, गरम पाण्यात ती बुडवून ठेवायची. तुरटीचे द्रावण आम्लधर्मी असते. लोखंड त्यात हायड्रोजनचे बुडबुडे सोडत विरघळते; पितळेतले तांबे हायड्रोजनला हुसकावू शकत नाही, म्हणून पितळ टिकते. साध्या कार्बन पोलादाचा तुकडा असा हळूहळू खाल्ला जातो. हायस्पीड स्टीलचा टॅप मात्र जास्त चिवट. पोलादी वस्तूवर ही युक्ती चालवायची नाही, टॅपबरोबर तीही विरघळेल.