धूर की धुके?

आश्विन वद्य चतुर्दशीची पहाट. घरोघरी उटण्याचा सुगंध दरवळत असतो, तुळशीवृंदावनापाशी पणती तेवत असते आणि अभ्यंगस्नान आटोपून मुलेबाळे अंगणात उतरलेली असतात. पहिले फटाके वाजतात आणि थोड्याच वेळात आळीवर एक पांढुरका थर पसरतो. हा धूर, की हिवाळ्याच्या उंबरठ्यावरचे धुके?

न्यायशास्त्राच्या अभ्यासकांना हा प्रश्न नवा नाही. पर्वतावर धूर दिसला म्हणजे तेथे अग्नी असलाच पाहिजे, हे अनुमानाचे सर्वश्रुत उदाहरण. परंतु धुक्यालाच धूर मानले, तर अनुमान फसते, हेही शास्त्रकारांनी बजावून ठेवले आहे. आज या निर्णयासाठी सामान्य गृहस्थाच्या हाती एक नवे साधन आले आहे. ते म्हणजे मोबाइल आणि त्याला जोडता येणारा मूठभर आकाराचा संवेदक.

या संवेदकातील चिमुकला पंखा हवा आत ओढतो. तीवर लेसर किरण पडतो आणि हवेतील कणांमुळे प्रकाश विखुरतो. त्या विखुरण्यावरून कणांचे प्रमाण काढून आकडा मोबाइलच्या पडद्यावर उमटतो. मोजायचे असतात ते २.५ मायक्रॉन वा त्याहून लहान कण. ते केसाच्या जाडीच्या सुमारे विसाव्या हिश्शाचे किंवा त्याहूनही बारीक असून फुप्फुसांत खोलवर शिरतात. आपल्या देशात त्यांची चोवीस तासांची सरासरी मर्यादा घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ती १५ सुचविली. जर्मनीतील स्टुटगार्ट येथे २०१५ पासून नागरिकांनी असे संवेदक स्वतःच जुळवून खिडक्यांत बसविले आणि सर्वांच्या नोंदी एका नकाशावर आणल्या.

आवाजासाठी तर मोबाइलचा ध्वनिग्राहकच कामी येतो. पॅरिसमध्ये २००८ साली अशा लोकमापनाचा उपक्रम सुरू झाला. मुंबईत ‘आवाज फाउंडेशन’ ही संस्था अनेक वर्षे हाती ध्वनिमापक घेऊन उत्सवांतील नोंदी करीत आली आहे. २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. डेसिबलचे गणित मात्र फसवे आहे. दर दहा डेसिबलला ध्वनीची तीव्रता दसपट होते; म्हणजे ५५ चे ८५ झाले, की ती सहस्रपट झाली!

तथापि साधन हाती आले म्हणून विवेकाची सुट्टी होत नाही. कावीळ झालेल्या डोळ्याला पांढरा शंखही पिवळा दिसतो, हा दृष्टांत येथे तंतोतंत लागू पडतो. हवेत दमटपणा वाढला, की कण पाणी शोषून फुगतात. स्वस्त संवेदक त्या फुगलेल्या कणांना आणि धुक्याच्या थेंबांनाही धुराच्या हिशेबात धरतो. म्हणजे आपल्या मूळ प्रश्नापाशी तोही अडखळतो! मोबाइलचा ध्वनिग्राहकही मुख्यतः माणसाच्या बोलण्यासाठी घडविलेला असतो. अतिप्रचंड आवाज त्याला नीट मोजता येत नाही.

म्हणून एकाच आकड्यावर विसंबू नये. उपकरण एकाच खिडकीत ठेवावे आणि आदल्या पहाटेचा, फटाक्यांच्या वेळचा व दुपारचा आकडा वहीत लिहावा. शेजारी हवेतील दमटपणाही नोंदवावा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ या अ‍ॅपवर जवळच्या केंद्राची नोंद मिळते, तिच्याशी ताडून पाहावे. समीर म्हणजे वारा. नाव अन्वर्थक आहे. घरगुती आकडा न्यायालयात पुरावा म्हणून पुरेसा ठरणार नाही, पण दोन पहाटांमधला फरक तो प्रामाणिकपणे सांगतो.

आणि हे मापन आधी आपल्याच उंबरठ्यावर व्हावे. देवघरातील उदबत्तीचा धूरही संवेदकाला कणच वाटतो, आणि कीर्तनाच्या ध्वनिवर्धकालाही डेसिबलचे तेच माप लागू आहे. शेजाऱ्याकडे बोट दाखविण्यापूर्वी आपल्या अंगणातला आकडा पाहिला, तर भांडणाचे अर्धे कारण सरते.

घरात पाळण्यातले तान्हे असते, माजघरात दम्याने धापणारे आजोबा असतात. त्यांना धूर सोसत नाही. परंतु सणाच्या आनंदात विरजण पडू नये म्हणून थोरले बोलत नाहीत आणि धाकट्याला बोलता येत नाही. त्यांच्या वतीने हा लहानसा आकडा बोलत असेल, तर लक्ष्मीपूजनाच्या पाटाजवळ त्याच्या वहीलाही जागा असावी.