सुगडांतील तीळ

मकरसंक्रांतीस आमच्या चुडाव्यांत सुवासिनी सुगडें पूजितात. मातीच्या त्या लहान घटांत हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या ओंब्या, बोरें, गाजरें, उसाचीं कांडीं व तीळ घालितात. हें वाण म्हणजे शेताची सूर्यास दिलेली झडतीच होय. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतें, व त्या दिवशीं अंगणांत गोवऱ्यांवर दूध उतूं घालवितात.

दिवस खरा वाढूं लागतो तो २२ डिसेंबरच्या सुमारास. संक्रांत निरयन गणनेची असल्यानें सुमारें ७२ वर्षांत एक दिवस पुढें सरकते, व हल्लीं १४ किंवा १५ जानेवारीस येते. असो, तारखा मोजण्याची खोड कारकुनास सुटत नाहीं.

सातबाऱ्यांवरील पीकपेरा लिहितां लिहितां आमचे केंस पिकले. आरंभीं त्यांत तिळाची नोंद वारंवार सांपडे. पुढें सोयाबीन व कपाशी यांनींच रकाने भरले. यंदां आमच्याही सुगडांतील तीळ पूर्णेच्या बाजारचे होते, आणि घरांतून ‘हें वाण कोणाच्या शेतचें?’ असा प्रश्न झाला. आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं.

येत्या पावसाळ्यांत बांधालगत चार ओळी तीळ पेरावयाचे आम्हीं ठरविलें आहे. कोणा वाचकाजवळ घरचें गावरान बी असल्यास कळवावें, मोल देऊं.